कस्टमच्या माणसांचा पगार माझ्या बिलात का? अंबडच्या एका आयातदाराला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कारखाना अंबड एमआयडीसीत. महिन्याला चार-पाच वीस फुटी कंटेनर येतात, बहुतेक मशीनचे सुटे भाग. आजवर सगळा माल न्हावा शेवा बंदरावर सुटायचा. यंदा पहिल्यांदा दोन कंटेनर नाशिकच्या ड्राय पोर्टवर, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर डेपोवर, आणून सोडवले, तर डेपोच्या बिलात ‘कस्टम कॉस्ट रिकव्हरी’ अशी एक ओळ निघाली. त्यातल्या एका कंटेनरची तपासणी शनिवारी करून घेतली, त्याचा ‘एमओटी’ वेगळा. तुम्ही विचारता, ड्युटी सरकारच्या तिजोरीत जाते, मग ती गोळा करणाऱ्या माणसाचा पगार माझ्या खिशातून का? आणि असंच असेल तर नाशिकला माल सोडवण्यात फायदा तो काय?

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. वसुलीचा खर्च कोणी उचलायचा हा धोरणाचा प्रश्न, तो तुम्ही-आम्ही एका महिन्यात सोडवू शकत नाही. तुमच्या एका कंटेनरमागे पैसा नेमका कुठे गळतो हा दुसरा, आणि तो बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. बिलातली ती ओळ डोळ्यांत खुपते म्हणून सगळं लक्ष तिच्यावर जातं. हिशोब मांडल्यावर मोठी गळती बहुतेक वेळा दुसरीकडेच सापडते.

आधी हे पक्कं करून घ्या की ड्युटीचा दर न्हावा शेवाला आणि नाशिकला एकच असतो. बेसिक ड्युटी, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, मग आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. यात ठिकाणानुसार काहीच बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की तिथे बसलेल्या अधिकाऱ्याच्या हजेरीचा खर्च कोणत्या खिशातून येतो.

असे खिसे तीन आहेत. मोठ्या बंदरांवर मंजूर पदं असतात आणि पगार सरकारी तिजोरीतून होतो. खाजगी किंवा महामंडळाच्या ड्राय पोर्टवर, म्हणजे आयसीडी (आतल्या भागातला कंटेनर डेपो) किंवा सीएफएसवर (कंटेनरमधला माल सोडवण्याचं आवार), अधिकाऱ्यांचा खर्च डेपो चालवणारा कस्टोडियन सरकारला भरतो. हीच कॉस्ट रिकव्हरी. तिसरा खिसा थेट तुमचा. कामाच्या वेळेबाहेर, सुट्टीच्या दिवशी किंवा कस्टमच्या हद्दीबाहेर तुम्ही अधिकाऱ्याला बोलावलंत तर त्या फेरीची फी तुम्ही भरता. तो एमओटी, म्हणजे मर्चंट ओव्हरटाइम. तुमच्या बिलात दुसरा आणि तिसरा खिसा एकाच पानावर आले, म्हणून दोनदा भरल्यासारखं वाटलं. वसुली दोनदा झालेली नाही. दोन वेगळ्या कारणांचे ते दोन आकडे आहेत.

कॉस्ट रिकव्हरी कायदेशीर आहे का, तर हो. ‘हँडलिंग ऑफ कार्गो इन कस्टम्स एरियाज रेग्युलेशन्स, २००९’ या नियमावलीत कस्टोडियनने हमी द्यायची असते, की त्याच्या आवारात नेमलेल्या कस्टम अधिकाऱ्यांचा खर्च तो उचलेल, खास सूट मिळाली नसेल तर. यामागचा विचार असा, की बंदर सरकारने ठरवलेल्या जागी असतं, तिथे माणसं बसवणं ही सरकारची जबाबदारी. ड्राय पोर्ट मात्र व्यापाऱ्याच्या सोयीसाठी आतल्या भागात, कुणीतरी व्यवसाय म्हणून उघडतो. तो सरकारला म्हणतो, माझ्या आवारात कस्टमची खिडकी उघडा. सरकार म्हणतं, उघडतो, पण माणसांचा खर्च तुझा. डेपोवाला तो भाड्यात आणि हाताळणीत मिसळून किंवा वेगळी ओळ करून तुमच्याकडून घेतो. न्हावा शेवाच्या आसपासच्या सीएफएसनाही हाच नियम आहे. फरक इतकाच, की तिथे कंटेनर इतके येतात की ही ओळ कधी दिसतच नाही.

हा फरक आकड्यांत पाहू. कॉस्ट रिकव्हरीचं सूत्र पदाच्या सरासरी मासिक वेतनाच्या १.८५ पट, अधिक महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वगैरे असं आहे. वरचे ८५ पैसे रजा, निवृत्तिवेतन आणि बाकीच्या सरकारी बोज्यापोटी धरलेले असतात. समजा एखाद्या डेपोवर एक सुपरिंटेंडंट, दोन इन्स्पेक्टर आणि एक हवालदार आहे. ही मांडणी फक्त उदाहरणासाठी घेतली आहे. सातव्या वेतन आयोगात सुपरिंटेंडंटचं सुरुवातीचं मूळ वेतन ४७,६०० रुपये, इन्स्पेक्टरचं ४४,९००, हवालदाराचं १८,०००. चौघांची बेरीज १,५५,४००. याची १.८५ पट म्हणजे २,८७,४९०. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर ८५,४७०. नाशिक ‘वाय’ वर्गातलं शहर, म्हणून घरभाडे भत्ता २० टक्के, ३१,०८०. एकूण महिन्याला ४,०४,०४० रुपये. प्रत्यक्षात आकडा याहून वर जाईल, कारण सूत्रात सरासरी वेतन धरतात आणि इथे मी सगळ्यांचं सुरुवातीचं धरलं आहे.

आता हे चार लाख कंटेनरांवर वाटा. महिन्याला १०० कंटेनर आले तर कंटेनरमागे ४,०४० रुपये. ४०० आले तर १,०१०. आणि ४०च आले तर १०,१०१. माणसं तीच, काम करण्याची पद्धत तीच, ड्युटी तीच, आणि तरी तुमच्या बिलातली ओळ दहापट होऊ शकते. म्हणून ‘नाशिक महाग की स्वस्त’ याला एकच उत्तर नाही. त्या डेपोवर महिन्याला किती पेट्या हलतात यावर ते ठरतं. मंजूर माणसांचा खर्च डेपोवाल्याला माल येवो न येवो, भरावाच लागतो.

इथे नाशिकची एक खास अडचण आहे आणि ती मला मनापासून सलते. आपल्याकडचा मोठा माल हंगामी. द्राक्षांचा जोर साधारण जानेवारी ते एप्रिल. त्या चार महिन्यांत रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरांची रांग, आणि पावसाळ्यात यार्ड ओस. कांद्याचं तर धोरणावरच सगळं. ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदीच आली, मे २०२४मध्ये बंदी उठली तरी ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्य राहिलं, सप्टेंबर २०२४मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५पासून ते पूर्ण गेलं. एका पिकाच्या मागे दोन वर्षांत इतके बदल. आणि अधिकाऱ्यांच्या पगाराचा खर्च मात्र बाराही महिने सारखा. हंगामी मालाच्या जिल्ह्यात ड्राय पोर्ट चालवणं अवघड जातं त्याचं हे मोठं कारण आहे. यात ना अधिकाऱ्यांचा दोष, ना डेपोवाल्यांचा.

सूट मिळते का? मिळते, पण उलाढाल दाखवल्यावर. निकष असा, की आयसीडीने सलग दोन आर्थिक वर्षं दरवर्षी ७,२०० टीईयू आणि ७,२०० बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीची घोषणापत्रं, केल्या पाहिजेत. सीएफएससाठी हाच आकडा १,२००. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनर, चाळीस फुटी दोन टीईयू धरतात. ७,२०० म्हणजे महिन्याला ६००. वरच्या उदाहरणात ६०० टीईयूला कंटेनरमागे बोजा ६७३ रुपयांवर आलेला असतो, म्हणजे जेव्हा तो सहज झेपतो तेव्हाच तो माफ होतो. ज्याला तो खरोखर जड जातो, त्या लहान डेपोला तो भरत राहावा लागतो. हे उलटं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. निमा आणि आयमासारख्या आपल्या उद्योजक संघटनांनी मागणी करायची तर ‘कॉस्ट रिकव्हरी रद्द करा’ अशी ढोबळ करू नये, ती मान्य होणार नाही. हंगामानुसार माणसं नेमा, किंवा जवळच्या दोन ठिकाणांना मिळून एकच तुकडी द्या आणि खर्च दोघांत वाटा, अशी मागणी करावी. ती हिशोबाने पटवता येते. निफाडच्या ड्राय पोर्टची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. तिथेही जमीन आणि रेल्वेच्या जोडीला, कस्टमची किती माणसं आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारायला हवा.

एमओटीबद्दल थोडक्यात. ही फी १९९८च्या नियमावलीप्रमाणे तासावर लागते. दिवस की रात्र, कामाचा दिवस की सुट्टी, अधिकारी कोणत्या दर्जाचा, यावर दर बदलतो. यात लोक चुकतात ती अट एकच. कामाच्या वेळेला लागून नसलेल्या फेरीला किमान तीन तासांची फी लागते. शनिवारी चाळीस मिनिटांत तपासणी उरकली तरी तीन तास. म्हणून शनिवारी एकच कंटेनर उघडून घेण्यापेक्षा दोन-तीन आयातदारांनी मिळून अधिकाऱ्याला बोलावलं, तर तीच फी वाटली जाते. डेपोवाले हे करून देतात, पण आधी विचारावं लागतं. कारखान्यात येऊन तपासणी हवी असेल, म्हणजे मोठं मशीन आहे आणि यार्डात उघडणं धोक्याचं, तर कामाच्या वेळेतही एमओटी लागतो, कारण अधिकारी त्याच्या नेमलेल्या जागेबाहेर येतो. न्हावा शेवा चोवीस तास चालणाऱ्या बंदरांच्या यादीत आहे, तिथे अशा वेळेबाहेरच्या कामाला एमओटी लागत नाही. रात्री-अपरात्री माल सोडवण्याची ज्यांना वारंवार गरज पडते, त्यांच्या हिशोबात हा फरक धरावाच लागतो.

निर्यातीच्या बाजूला हा खर्च जवळजवळ संपला आहे. पूर्वी पिंपळगाव-ओझर पट्ट्यातल्या पॅकहाऊसवर किंवा सातपूरच्या कारखान्यात कंटेनर भरायचा तर इन्स्पेक्टरच्या देखरेखीखाली सील लागायचं आणि त्याचा एमओटी भरावा लागायचा. २०१७पासून निर्यातदार स्वतः आरएफआयडी ई-सील लावतो आणि माहिती ऑनलाइन भरतो. तुम्हीही कधी निर्यात केलीत तर सेल्फ-सीलिंगची परवानगी आधी काढून ठेवा.

आता तुमच्या आयातीकडे. अधिकाऱ्याचा वेळ कुठे जातो हे कळलं की खर्च कुठे कमी करायचा तेही कळतं.

लाइन, म्हणजे जहाज कंपनी, मॅनिफेस्ट (जहाजावरच्या मालाची यादी) भरते. तुमचा सीएचए (कस्टमचं काम बघणारा एजंट) बिल ऑफ एंट्री आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर टाकतो, कागद ई-संचित या त्याच्याच कागदपत्रांच्या सोयीवर चढवतो. मग रिस्क मॅनेजमेंटची संगणक प्रणाली ठरवते की हे बिल सरळ सोडायचं, करनिर्धारणाला पाठवायचं की माल तपासायचा. करनिर्धारण आता नाशिकचा अधिकारी करत नाही. २०२०पासून फेसलेस पद्धत आहे. कस्टम टॅरिफमधलं प्रकरण ८४ आणि ८५ म्हणजे मशिनरी आणि इलेक्ट्रिकलचा माल, त्याचीच सुरुवात जून २०२०मध्ये बंगळुरू आणि चेन्नईपासून झाली, आणि ऑक्टोबर अखेरीस ती देशभर गेली. म्हणजे तुमच्या बिलावर प्रश्न विचारणारा माणूस दुसऱ्याच शहरात बसलेला असतो. त्याला तुमचा पार्ट दिसत नाही, फक्त कागद दिसतो. हे नीट लक्षात घ्या, कारण नाशिकच्या अधिकाऱ्याला भेटून ‘साहेब, बघा ना, हा साधा ब्रॅकेट आहे’ असं सांगून आता काही होत नाही. त्याच्याकडे उरलेलं काम तपासणीचं आणि आऊट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडण्याचा अंतिम आदेश, देण्याचं.

म्हणून इन्व्हॉइसवर ‘मशिनरी पार्ट्स’ एवढंच लिहून आलं की प्रश्न येणारच. कोणत्या मशीनचा, काय काम करणारा, कशाचा बनलेला, पार्ट नंबर काय. प्रश्नाला उत्तर द्यायला तुम्ही दोन दिवस घेतले तर ते दोन दिवस तुमचे गेले. पुरवठादाराला आत्ताच सांगून ठेवा की इन्व्हॉइसच्या प्रत्येक ओळीत पार्टचं नाव, कोणत्या मशीनला लागतो, धातू आणि एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, हवा. त्याचा कोड आपल्याकडे जसाच्या तसा वापरू नका, पहिले सहा अंक जुळतात, पुढचे दोन आपले वेगळे असतात. कॅटलॉगचं पान पीडीएफ करून बिलाबरोबरच ई-संचितवर टाका. प्रश्न आल्यावर शोधायला लागू नका.

तपासणी निघाली तर यार्डात काय होतं ते बघा. कंटेनर खाली उतरवतात. सील नंबर बिल ऑफ लेडिंगशी (लाइनने दिलेल्या मालाच्या वाहतुकीच्या कागदाशी) ताडून बघतात, कटरने सील तोडतात, दारं उघडतात. तपासणीच्या आदेशात ठरावीक टक्के माल बघायला सांगितलेला असतो, पण तो नेमका दाराशी असतो असं नाही. फोर्कलिफ्ट पुढचे दोन-चार पॅलेट बाहेर काढते. इन्स्पेक्टर पॅकिंग लिस्ट हातात घेऊन विचारतो, सात नंबरची पेटी कुठे? इथेच खरा वेळ जातो. पेट्यांवर नंबर नसतील, किंवा पॅकिंग लिस्टमध्ये ‘१२ पॅलेट, मिश्र माल’ असं असेल, तर सगळं उतरवावं लागतं. उतरवण्याची मजुरी, फोर्कलिफ्ट, परत भरण्याची मजुरी, नवं सील, आणि दुसऱ्या दिवसाचं जमीनभाडं. पेट्यांवर ठळक नंबर आणि पॅलेटनिहाय पॅकिंग लिस्ट असेल तर हेच काम अर्ध्या दिवसात उरकतं. नेमप्लेटवर मूळ देश, मॉडेल, सिरियल नंबर बघतात, फोटो काढतात, अहवाल प्रणालीत चढतो, सुपरिंटेंडंट आऊट ऑफ चार्ज देतो. लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा किंवा धुरीचा आयएसपीएम-१५ (लाकडातल्या किडीसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम) शिक्का आहे का, हेही पुरवठादाराकडून फोटो मागवून माल निघण्याआधीच बघून घ्या. शिक्का नसेल तर इथे वेगळाच खर्च उभा राहतो. जुनं मशीन असेल तर चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो. काही मालाला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची, अट आहे. मुक्त व्यापार कराराखाली सवलत मागायची तर सप्टेंबर २०२०पासून फक्त सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन पुरत नाही, माल तिथेच बनल्याची माहिती तुमच्याकडे तयार हवी.

आता पैसा. समजा एका कंटेनरचं करपात्र मूल्य २० लाख आणि बेसिक ड्युटी ७.५ टक्के. बेसिक १,५०,०००. अधिभार १५,०००. आयजीएसटी १८ टक्के, २१,६५,०००वर, म्हणजे ३,८९,७००. एकूण भरणा ५,५४,७००. यातलं आयजीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, खरा खर्च १,६५,०००. ड्युटी भरायला उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, म्हणजे या रकमेवर दिवसाला साधारण २२८ रुपये. ते फार नाही. पण बिल ऑफ एंट्रीच उशिरा टाकली तर? समुद्री बंदरावर साधारण नियम असा, की जहाज लागण्याच्या आदल्या दिवशी ती दाखल झालेली हवी. न झाल्यास पहिले तीन दिवस दिवसाला ५,००० रुपये आणि पुढे दिवसाला १०,००० रुपये. चार दिवस उशीर म्हणजे २५,०००. वर १०० कंटेनरच्या डेपोवर काढलेला कॉस्ट रिकव्हरीचा वाटा ४,०४० होता. तुम्हाला खुपणारी ती ओळ एका दिवसाच्या उशिरापेक्षाही लहान निघाली. त्यात लाइनचं कंटेनर अडकवल्याचं भाडं अजून धरलंच नाही, ते डॉलरमध्ये आणि टप्प्याटप्प्याने वाढणारं असतं.

म्हणून ठिकाण निवडताना मी एकच पान वापरायला सांगतो. डाव्या बाजूला न्हावा शेवाहून थेट, उजव्या बाजूला नाशिकचा डेपो. दोन्हीकडे वाहतूक, हाताळणी, जमीनभाडं, कंटेनरचे फुकट दिवस, रिकामा कंटेनर परत देण्याचा खर्च, सीएचएची फी, एमओटी, कॉस्ट रिकव्हरी. आकडे मागच्या सहा बिलांवरून भरा, कोणाच्या सांगण्यावरून नाही.

या पानावर दोन ओळी सगळं ठरवतात. पहिली ओळ रिकाम्या कंटेनरची. न्हावा शेवा नाशिकपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, मधे कसारा घाट. माल उतरवून रिकामा कंटेनर परत तिकडच्या यार्डात द्यायचा तर परतीचं भाडं तुमच्याच डोक्यावर. लाइनने रिकामा नाशिकमध्येच घेतला तर मोठी बचत. पण आपल्याकडे गंमत अशी आहे की तुम्ही आणता साधे कोरडे कंटेनर आणि द्राक्षवाल्यांना हवेत रीफर. दोघांची जोडी लागत नाही, म्हणून लाइनला इथे रिकामे कोरडे कंटेनर ठेवण्यात फारसं स्वारस्य नसतं. लाइन बदलली की उत्तर बदलतं. हे बुकिंगच्या आधी लेखी विचारा.

दुसरी ओळ डीपीडीची, म्हणजे डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी. कागद आगाऊ टाकलेले, प्रणालीने तपासणी न लावलेली आणि ड्युटी भरलेली, असं असेल तर कंटेनर सीएफएसला न जाता बंदरातूनच तुमच्या ट्रकवर येतो. तो ठरलेल्या मुदतीत, साधारण ४८ तासांत उचलावा लागतो, नाहीतर सीएफएसला हलवतात आणि तिथला खर्च सुरू होतो. तुमच्यासारखा माल, तोच पुरवठादार, तेच पार्ट वारंवार असतील, तर चार-पाच कंटेनरांसाठी बहुतेक वेळा हाच मार्ग स्वस्त पडतो. नाशिकचा डेपो कधी बरा पडतो? माल थोडा-थोडा उचलायचा असेल, कारखान्यात जागा नसेल, तपासणी वारंवार लागत असेल आणि तुमचा माणूस तिथे हजर राहणं गरजेचं असेल, तेव्हा. तपासणीसाठी बंदराजवळच्या उरणला माणूस पाठवून दोन दिवस ठेवण्यापेक्षा नाशिकजवळच्या जानोरीच्या बाजूला तासाभरात पोचणं केव्हाही सोपं. एईओ, म्हणजे कस्टमने विश्वासू ठरवलेल्या व्यापाऱ्याचा, दर्जा मिळवता आला तर दोन्हीकडे तपासणी कमी होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या एईओला ड्युटी नंतर भरण्याची सवलतही मिळते. वर्षाला पन्नास-साठ कंटेनर आणि स्वच्छ हिशोब असलेल्या कारखान्याने अर्जाचा विचार करायलाच हवा.

नाशिकला माल आणायचं ठरवलंत तर एक चूक टाळा, ती फार वेळा होते. बिल ऑफ लेडिंगवर अंतिम ठिकाण म्हणून नाशिकचा आयसीडी लिहिलेला असला पाहिजे. फक्त ‘न्हावा शेवा’ असेल तर लाइनला ट्रान्सशिपमेंट परवाना, म्हणजे एसएमटीपी, मिळत नाही आणि मॅनिफेस्टमध्ये दुरुस्ती करावी लागते. दुरुस्तीचे दिवस तुमच्या कंटेनर भाड्यात जातात. पुरवठादाराने बिल ऑफ लेडिंगचा कच्चा नमुना पाठवला की त्याच दिवशी ही ओळ वाचा.

आणि त्या बिलाचं म्हणाल तर, ते घेऊन डेपोत जा. कस्टोडियनने आपले दर ठळक जागी आणि वेबसाइटवर लावणं बंधनकारक आहे, तेव्हा ‘कॉस्ट रिकव्हरी’ त्या दरपत्रकात आहे का हे विचारा. कंटेनरमागे घेतात की बिल ऑफ एंट्रीमागे, चाळीस फुटीला दुप्पट का, आणि डेपोने सूटीसाठी अर्ज केला आहे का, हेही. सूट मिळून गेली असेल आणि ओळ अजून चालू असेल तर ती काढायला सांगा. एमओटी कोणत्या तारखेचा, किती तासांचा, त्याची सरकारी पावती मागा. ती पावती वेगळी असते, डेपोच्या बिलातली ओळ म्हणजे पावती नव्हे. त्या दोनपैकी एखादा कंटेनर कस्टमनेच अडवून ठेवला असेल, तर त्या दिवसांचं जमीनभाडं कस्टोडियनला घेता येत नाही. त्यासाठी कस्टमकडून डिटेन्शन सर्टिफिकेट काढून लाइन आणि डेपो, दोघांनाही लेखी द्या, आणि पोच घेऊन ठेवा.